घरी कापलेली पॅकिंग आणि हवा धरणारे छोटे टू-स्ट्रोक इंजिन

गोदाकाठ_परभणी

नमस्कार. मी शाळेत विज्ञान शिकवतो आणि लहान इंजिने दुरुस्त करून चालवण्याचा मला छंद आहे. पाठीवरच्या एका मोडीत निघालेल्या फवारणी पंपाचे २५.४ सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन माझ्याकडे आहे. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ३४ मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) २८ मिलिमीटर. ते लाकडी पाटावर बसवून, त्याला छोटा डायनॅमो जोडून मुलांना दाखवण्याचा विचार आहे. सफाईसाठी ते पूर्ण उघडले तेव्हा सगळ्या पॅकिंग, म्हणजे जोडांतून हवा गळू नये म्हणून मध्ये घातलेले कागदी थर, फाटून निघाल्या. मोंढ्यातल्या मशिनरीच्या दुकानांत विचारले, पण या जुन्या मॉडेलचा पॅकिंग सेट आता कुठेच मिळत नाही.

म्हणून सिलिंडरच्या बुडाची पॅकिंग आणि कार्ब्युरेटरच्या इन्सुलेटरच्या (कार्ब्युरेटर व सिलिंडर यांच्यामधला उष्णता अडवणारा तुकडा) दोन्ही बाजूंच्या पॅकिंग मी कॅलेंडरच्या मागच्या जाड पुठ्ठ्यातून कापल्या आणि दोन्ही अंगांना काळे सिलिकॉन लावून बसवल्या. बुडाच्या पॅकिंगचे जुने तुकडे जपून ठेवले आहेत. व्हर्निअरवर त्यांची जाडी ०.५ मिलिमीटर भरते, तर माझी पुठ्ठ्याची पॅकिंग १ मिलिमीटरची आहे.

इंजिन थंड असताना लगेच सुरू होते. मात्र चार-पाच मिनिटांत तापले की रेस आपोआप वाढू लागते, थ्रॉटल सोडला तरी ती पटकन खाली येत नाही, आणि चोक अर्धा ओढला की इंजिन शांत होते. स्लोचा, म्हणजे थ्रॉटल सोडल्यावरची रेस ठरवणारा स्क्रू फिरवून काहीही फरक पडत नाही. प्लग काढून पाहिला तर त्याचे टोक पांढुरके दिसते. कुठून तरी हवा आत शिरत असावी, एवढे मला कळते. ती नेमकी कुठून शिरते हे महागडी उपकरणे न घेता कसे शोधावे, पॅकिंगसाठी कोणता कागद घ्यावा, आणि जाडीतला अर्ध्या मिलिमीटरचा फरक खरोखर महत्त्वाचा आहे का, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

टूलरूम_वाळूज

सर, आपण लक्षणे इतकी नेमकी लिहिली आहेत की निदानाचे अर्धे काम त्यातच झाले आहे. एक विनंती मात्र आधीच करतो: नवा कागद आणून कात्री चालवण्यापूर्वी गळती कुठे आहे ते नक्की करा. सगळ्या पॅकिंग बदलून पाहू म्हटले, तर इंजिन पुन्हा-पुन्हा उघडावे लागते, प्रत्येक वेळी नव्या पॅकिंग फाटतात आणि मूळ दोष कदाचित पॅकिंगमध्ये नसतोच.

टू-स्ट्रोक इंजिनाचा क्रँककेस, म्हणजे पिस्टनखालचा क्रँक फिरणारा बंद कप्पा, हा स्वतःच एक पंप असतो. पिस्टन वर जाताना खाली क्रँककेसमध्ये ओढ निर्माण होते आणि त्या ओढीने कार्ब्युरेटरमधून पेट्रोल-हवेचे मिश्रण आत येते. पिस्टन खाली येताना तेच मिश्रण दाबले जाऊन ट्रान्सफर पोर्टमधून, म्हणजे सिलिंडरच्या बाजूच्या वाटेने, वर जाते. फोर-स्ट्रोकचा क्रँककेस गळला तर बहुधा तेलाचे थेंब पडतात आणि इंजिन चालत राहते. टू-स्ट्रोकचा क्रँककेस गळला की प्रत्येक फेऱ्यात कार्ब्युरेटरला वळसा घालून कोरडी हवा आत शिरते. त्यामुळे मिश्रण पातळ होते, आणि कार्ब्युरेटरवरची ओढ कमी झाल्याने पेट्रोलही कमी ओढले जाते. या इंजिनाला वंगण पेट्रोलमधूनच मिळत असल्यामुळे पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी. पांढुरका प्लग आणि आपोआप चढणारी रेस ही त्याचीच चिन्हे आहेत. अशा स्थितीत इंजिन जास्त वेळ चालवू नका, कारण पुढची पायरी पिस्टन घासून जाम होण्याची असते.

इंधन कमी येत असल्यानेही मिश्रण पातळ होते, पण त्याची चाल वेगळी असते. टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र बुजले असेल, फिल्टर तुंबला असेल किंवा पेट्रोलची नळी तडकली असेल, तर पूर्ण थ्रॉटलवर इंजिन दम खाऊन बंद पडते. थ्रॉटल सोडल्यावर रेस वरच अडकून राहणे, हे हवेच्या गळतीचे लक्षण आहे. तरीही झाकण सैल करून एकदा खात्री करून घ्या. त्याला मिनिटही लागत नाही.

आता तपासणीबद्दल. मोठ्या गॅरेजमध्ये यासाठी दाब आणि निर्वात दोन्ही देणारा हातपंप असतो. आपले काम रक्तदाब मोजण्याच्या तबकडीवाल्या यंत्राने उत्तम होईल. त्याचा रबरी फुगा आणि तबकडी घ्या, कापडी पट्टा काढून ठेवा. तबकडीवरचे ३०० म्हणजे ३०० मिलिमीटर पारा, म्हणजे सुमारे ०.४ बार किंवा ५.८ पीएसआय. लहान इंजिनासाठी साधारण एवढाच दाब हवा असतो. सायकलच्या पंपाने किंवा पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने हे काम कधीही करू नका, कारण जास्त दाबाने क्रँकची ऑइल सील (शाफ्टभोवती हवा-तेल अडवणारी रबरी कडी) जागेवरून निघून येते.

पिस्टन अगदी खाली आणा, म्हणजे ट्रान्सफर पोर्ट उघडे राहून सिलिंडर आणि क्रँककेस एकमेकांना जोडलेले राहतील. सायलेन्सर काढून एक्झॉस्टच्या तोंडावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा ठेवा आणि त्यावर जाड पत्र्याची पट्टी बोल्टने आवळा. कार्ब्युरेटर काढा, पण इन्सुलेटर आणि त्याच्या आतल्या बाजूची पॅकिंग जागेवरच राहू द्या, आणि इन्सुलेटरचे बाहेरचे तोंड त्याच पद्धतीने बंद करा. प्लगच्या भोकात आपल्या प्रयोगशाळेतले नळी घातलेले रबरी बूच दाबून धरा आणि त्या नळीतून फुग्याने हवा भरा. काटा ३०० वर नेऊन थांबा. मिनिटभर तो जवळजवळ जागेवर राहायला हवा. घसरत असेल तर कपडे धुण्याच्या पावडरचा दाट फेस ब्रशने प्रत्येक जोडावर लावा. जिथे बुडबुडे येतील ती गळतीची जागा.

मात्र एवढ्यावर थांबू नका. ऑइल सीलची ओठासारखी धार क्रँककेसकडे तोंड करून बसवलेली असते. आतून दाब दिला की ती धार शाफ्टवर अधिक घट्ट बसते आणि झिजलेली सीलही चांगली असल्याचा भास होतो. ओढ दिली की तीच धार शाफ्टवरून उचलली जाते. म्हणून ओढीची तपासणी वेगळी करावी लागते, आणि रक्तदाबाची तबकडी शून्याखाली वाचत नाही. औषधाच्या दुकानातून ६० मिलिलिटरची सिरिंज आणा, ती त्याच नळीला जोडा, दट्ट्या पूर्ण मागे ओढून थोडा वेळ धरून ठेवा आणि मग हळूच सोडा. सगळे घट्ट असेल तर दट्ट्या जवळपास मूळ जागी परत जाईल. मध्येच थांबला, तर तेवढी हवा बाहेरून आत आली असे समजा.

फवारणीपंप_जालना

वरच्या उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. मी फवारणी पंपांचीच दुरुस्ती करतो, त्यामुळे सामानाबद्दल थोडे लिहितो.

काळे किंवा पारदर्शक सिलिकॉन पेट्रोलच्या जोडावर लावू नका. पेट्रोल लागले की ते फुगते, मऊ होते आणि आत दाबले गेलेले त्याचे धागे सुटून कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांकडे किंवा पोर्टकडे जातात. व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या सिलिकॉनमधून ॲसिटिक आम्ल सुटते आणि ते ॲल्युमिनियमलाही बाधते. फोर-स्ट्रोकच्या तेलाच्या चेंबरला सिलिकॉन चालते, म्हणून गॅरेजमध्ये त्याची ट्यूब हाताशी असते आणि ती सगळीकडे वापरली जाते.

जुने स्कूटर मिस्त्री क्रँककेसच्या दोन भागांना शेलॅक लावत असत आणि ते जोड वर्षानुवर्षे टिकत. पण शेलॅक म्हणजे लाख, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. लाकडाला पॉलिश करणारा सुतार ती तशीच विरघळवून घेतो. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि त्यातले काही आपल्याच मराठवाड्यातल्या उसापासून बनलेले असते. शेलॅकच्या जोडावर माझा आता भरवसा राहिलेला नाही. जिथे मुळातच पॅकिंग नाही, धातूवर धातू बसतो, अशा क्रँककेसच्या जोडाला ॲनारोबिक सीलंट लावावे. ते हवा न लागता, दोन धातूंच्या फटीत अडकल्यावरच घट्ट होते, आणि बाहेर आलेला भाग ओला राहत असल्याने पुसून टाकता येतो. कागदी पॅकिंग नीट कापली असेल आणि फेस, म्हणजे जोडावरचा धातूचा पृष्ठभाग, सपाट असेल तर तिला काहीच लावण्याची गरज नसते. फार तर बोटाने इंजिन तेलाचा हात फिरवावा.

कागद म्हणून मशिनरी किंवा ऑटो स्पेअरच्या दुकानात 'ऑइल पेपर' किंवा 'पॅकिंग पेपर' मागावा. तो ०.२५, ०.५, ०.८ आणि १ मिलिमीटर अशा जाडीत मिळतो. शीट घेताना व्हर्निअर बरोबर न्यावा, कारण दुकानदार जाडी अंदाजाने सांगतो. पुठ्ठा तेल, उष्णता आणि दाब यांसाठी बनवलेलाच नसतो. तो तापून आणखी दबतो, पॅकिंग पातळ होते आणि बोल्ट सैल पडतात. इंजिन थंड असताना चांगले आणि तापल्यावर वाईट चालते, याचा अर्थ इथेच लागत असावा.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. काही दुकानांत अजूनही ॲस्बेस्टॉसची जुनी राखाडी शीट पडून असते, आणि सायलेन्सरसाठी ती फार चांगली म्हणून दिली जाते. ती घेऊ नका, आणि शाळेत तर मुळीच नेऊ नका. ॲस्बेस्टॉसचे सगळे प्रकार माणसाला कर्करोग करणारे आहेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट म्हटले आहे. जुन्या इंजिनावर अशी पॅकिंग चिकटलेली असेल तर ती कोरडी खरवडू नये, ग्राइंडर तर लावूच नये. तेलाने पूर्ण भिजवून, ओली असतानाच काढावी आणि पिशवीत बंद करून टाकावी.

गोदाकाठ_परभणी

दोघांचेही मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे सगळे जमवून तपासणी केली. टाकीचे झाकण सैल केल्याने काही फरक पडला नाही. दाब दिल्यावर काटा ३०० वरून बघता-बघता १०० च्या खाली आला. फेस लावला तेव्हा दोन ठिकाणे स्पष्ट दिसली: सिलिंडरच्या बुडाशी एक्झॉस्टच्या बाजूला बारीक बुडबुड्यांची सलग रांग येत होती, आणि इन्सुलेटरच्या खालच्या बोल्टजवळ एकच मोठा बुडबुडा फुगून फुटत होता व पुन्हा फुगत होता.

त्यानंतर या दोन्ही जागा ग्रीसने पूर्ण लिंपून पुन्हा दाब दिला, तेव्हा काटा जागेवर राहिला. मग सिरिंज लावली, तर दट्ट्या निम्म्यावरच थांबला. फ्लायव्हील काढून त्या बाजूच्या सीलवर ग्रीस भरले आणि पुन्हा ओढले, तेव्हा दट्ट्या मूळ जागेकडे बराच परत गेला. म्हणजे फ्लायव्हीलकडची सीलही गेलेली दिसते. दाबाच्या तपासणीत ती अजिबात दिसली नव्हती, हे विद्यार्थ्यांना दाखवण्यासारखे आहे.

आता बुडाची आणि इन्सुलेटरची पॅकिंग कशी कापावी ते सांगावे. इन्सुलेटरच्या पॅकिंगला मधल्या मोठ्या भोकाशिवाय बाजूला एक बारीक भोकही आहे. ते आवश्यक आहे का?

मॉडेल_लातूर

सर, ते बारीक भोक फार महत्त्वाचे आहे. आपला कार्ब्युरेटर डायफ्रॅमचा, म्हणजे आत पातळ लवचिक पडदा असलेला, असला पाहिजे. क्रँककेसमधला दाब आणि ओढ त्या भोकातून कार्ब्युरेटरपर्यंत पोहोचते, आणि तिच्याच ठोक्यावर डायफ्रॅम हलून टाकीतले पेट्रोल वर खेचतो. ते भोक थोडे जरी झाकले गेले तरी पेट्रोल कमी पडेल आणि नवी पॅकिंग घालूनही जुनीच तक्रार राहील. दोन्ही पॅकिंग आणि इन्सुलेटर यांतली ही भोके एका रेषेत येतात का, ते तार घालून पाहावे. ते भोक आणि मधले मोठे भोक यांच्यामध्ये कागदाची जी अरुंद पट्टी उरते, ती तुटू देऊ नये.

मी रेडिओवर चालणाऱ्या विमानांची मिथेनॉलवर चालणारी ग्लो इंजिने सांभाळतो. त्यांच्या मागच्या झाकणाची पॅकिंग नखाएवढ्या रुंदीचीही नसते, त्यामुळे कापण्याच्या कामाची हाताला सवय झाली आहे.

गॅरेजमध्ये फेसवर कागद ठेवून गोल डोक्याच्या हातोडीने कडेकडेने ठोकून पॅकिंग कापतात. ओतीव लोखंडाच्या मोठ्या इंजिनावर ते चालते. आपल्या लहान इंजिनाचे ॲल्युमिनियम मऊ असते. हातोडीने त्याची कड गोल होते, आणि तिथून पुन्हा कोणतीही पॅकिंग हवा रोखू शकत नाही. त्याऐवजी फेसवर शिक्क्याच्या पॅडची शाई बोटाने अगदी पातळ लावावी आणि कागद सरळ खाली टेकवून अंगठ्याने दाबावा. स्वच्छ ठसा उमटतो. ठसा उलटा वाटतो, पण शाईची बाजू त्याच फेसकडे ठेवून बसवली की तो बरोबर जुळतो. शाळेत फ्लॅटबेड स्कॅनर असेल तर सिलिंडरच उलटा ठेवून स्कॅन करता येतो आणि कागदावर मूळ आकारात छापता येतो. फक्त छापलेल्या दोन बोल्टभोकांमधले अंतर व्हर्निअरने मोजून इंजिनाशी ताडून पाहावे, कारण प्रिंटर पानावर बसवण्यासाठी चित्र नकळत लहान करतो.

क्रम असा ठेवावा की भोके आधी, आतला घेर नंतर आणि बाहेरची कड सगळ्यात शेवटी. कड आधी कापली तर हातात धरायला कागद उरत नाही आणि भोक पाडताना पॅकिंग फाटते. भोकांसाठी माझ्याकडे जुन्या ट्रान्झिस्टरची एरियल आहे. ती ओढून लांब केली की एकात एक बसणाऱ्या नळ्यांचे वेगवेगळे व्यास मिळतात; हवा तो व्यास कापून घ्यायचा, तोंड आतून गोल कानशीने धारदार करायचे आणि लाकडाच्या उभ्या रेषांच्या ठोकळ्यावर कागद ठेवून हलकी टिचकी मारायची. भोकाची कड कापलेली हवी, चिरडलेली नको. एक भोक पाडले की त्यात बोल्ट घालून कागद जागेवर बसवावा, मग समोरचे भोक पाडावे. असे केल्याने पुढची भोके सरकत नाहीत. आतला घेर सर्जिकल ब्लेडने, ११ नंबरच्या टोकदार पात्याने, एकाच दमात न कापता दोन-तीन हलक्या फेऱ्यांत कापावा.

कागद पोर्टच्या आत डोकावता कामा नये. मिश्रणाच्या वाटेत आलेली कड वाहण्याला अडथळा करते, आणि तिचा तुटलेला तुकडा पिस्टनखाली जाऊ शकतो. आतला घेर धातूच्या कडेपेक्षा केसभर मोठा ठेवावा.

आपल्याकडच्या उन्हाळ्याबद्दलही एक सूचना आहे. कागद हवेतला ओलावा घेतो आणि सोडतो, त्याप्रमाणे त्याचे माप बदलते. पारा ४२ अंशांवर असताना पत्र्याच्या छपराखाली पडलेली शीट कडक होते, आक्रसते आणि वाकवली की चिरते. शीट प्लास्टिकच्या पिशवीत, सपाट पाटीखाली दाबून घरातल्या थंड जागी ठेवावी, आणि कापलेली पॅकिंग त्याच दिवशी बसवावी.

सायलेन्सरच्या जोडाला ऑइल पेपर टिकत नाही; तिथे तांब्याचा पातळ पत्रा चालतो. तो मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात सोडला की मऊ होतो. तांबे दाबाने पुन्हा कडक होत असल्यामुळे उघडून परत बसवताना हीच क्रिया पुन्हा करावी.

टूलरूम_वाळूज

लातूरकरांनी कापण्याचे काम इतके नीट सांगितले आहे की त्यात भर घालण्यासारखे काही नाही. मी फेस, जाडी आणि सील या तिन्हींबद्दल लिहितो.

एक्झॉस्टच्या बाजूला बुडबुड्यांची रांग आली, याचा अर्थ तिथे सिलिंडरचा फेस थोडा वाकलेला असू शकतो, कारण सर्वांत जास्त तापणारी बाजू तीच. वाकलेल्या फेसला जाड कागद घालून भागवणे हा उपाय नव्हे. जाड कागद काही दिवस फट भरतो, मग दबतो आणि गळती परत येते. काचेच्या दुकानातून ६ मिलिमीटर जाडीच्या काचेचा तुकडा आणा आणि तो सपाट टेबलावर ठेवा. त्यावर ४०० नंबरचा वॉटर पेपर रॉकेलने किंवा हलक्या तेलाने ओला करून चिकटवा. सिलिंडरच्या फेसवर मार्करने आडव्या-उभ्या रेघा मारा आणि तो कागदावर इंग्रजी आठच्या आकारात, वजन न देता फिरवा. रेघा जिथे पुसल्या जातील तो भाग उंच, जिथे शिल्लक राहतील तो खोल. सगळ्या रेघा सारख्या पुसल्या गेल्या की थांबा आणि शेवटी ६०० नंबरवर दोन-चार फेरे द्या. सिलिंडरचा गळा क्रँककेसमध्ये खाली उतरणारा असेल तर तो फेस काचेवर टेकणार नाही. अशा वेळी काचेला कड असेल तिथे बाजूने काम करावे किंवा लेथवर एक हलका कट घ्यावा. इन्सुलेटर मात्र काचेवर सहज होतो. बेकेलाइटचे इन्सुलेटर बोल्ट जास्त आवळल्याने मधून कमानीसारखे होतात, आणि आपला तो एकच मोठा बुडबुडा मला याच कारणाचा वाटतो. घासून झाल्यावर सगळे भाग साबणाच्या पाण्याने धुऊन, पुन्हा पेट्रोलने धुवा. वॉटर पेपरचा एक कण बेअरिंगमध्ये राहिला तर केलेली सगळी मेहनत वाया जाते.

आता अर्ध्या मिलिमीटरचा हिशेब पाहू. ३४ मिलिमीटर बोअरचे क्षेत्रफळ सुमारे ९०८ चौरस मिलिमीटर होते. सिलिंडर अर्धा मिलिमीटर वर उचलला गेला की ज्वलनकक्षात ४५४ घन मिलिमीटर, म्हणजे ०.४५ घन सेंटिमीटर जागा वाढते. आपल्या इंजिनाचा मूळ दाबांक (मिश्रण किती पट दाबले जाते तो आकडा) ८ धरला, तर पिस्टनच्या वर सुमारे ३.६ घन सेंटिमीटर जागा असणार. ती ४.०५ झाली की दाबांक ८ वरून सव्वासातवर येतो. दोरी ओढताना हाताला हलके लागते, आणि ताकदही तेवढी घटते. शिवाय सिलिंडर वर गेल्याने सगळी पोर्ट पिस्टनच्या तुलनेत वर सरकतात: एक्झॉस्ट आणि ट्रान्सफर लवकर उघडतात, आणि पिस्टनच्या स्कर्टने (खालच्या कडेने) उघडणारे इनलेट उशिरा उघडते. उलट, मूळपेक्षा पातळ पॅकिंग घातली तर पिस्टन सिलिंडरच्या हेडला भिडण्याची भीती असते. कागदाची जाडी हे इंजिनाचे एक माप आहे, आणि कारखान्याने ते विचार करून ठरवलेले असते. आपण जुने तुकडे जपून ठेवलेत, हे फार चांगले केले. फक्त ते दाबलेल्या स्थितीतले आहेत, नवा ०.५ चा कागद आवळल्यावर किंचित कमी भरेल. म्हणून बसवल्यावर प्लगच्या भोकातून मऊ सोल्डर तार पिस्टनच्या कडेपर्यंत घालून, फ्लायव्हील हाताने फिरवून ती चेपून घ्या आणि तिची जाडी मोजा. सुटे करण्यापूर्वीचे माप नसले तरी तार चेपून ०.५ मिलिमीटरपेक्षा कमी भरली, तर थोडा जाड कागद घ्यावा.

बोल्टकडेही लक्ष द्या. १ मिलिमीटरच्या जागी ०.५ चा कागद आला की बोल्ट तेवढाच जास्त आत जातो. भोक आरपार नसेल तर तो तळाला टेकतो; हाताला घट्ट लागतो, पण जोड मात्र दाबला जात नाही. भोकात काडी घालून खोली मोजा आणि बोल्टशी ताडून पाहा.

ऑइल सीलवर तीन आकडे कोरलेले असतात. उदाहरणार्थ १२ × २२ × ७ असे असेल, तर १२ म्हणजे शाफ्ट, २२ म्हणजे बसण्याचे भोक आणि ७ म्हणजे रुंदी, सगळे मिलिमीटरमध्ये. आकडे पुसले असतील तर मोजून घ्या. ही मापे सर्वसामान्य असतात, त्यामुळे इंजिनाची कंपनी बंद पडली असली तरी बेअरिंगच्या कोणत्याही चांगल्या दुकानात सील मिळते. नवी सील बसवण्यापूर्वी शाफ्टवर जिथे धार टेकते तिथे नखाने चाचपून पाहा. खाच लागत असेल तर सील पूर्ण खोल न बसवता मिलिमीटरभर बाहेर ठेवावी, म्हणजे धार कोऱ्या जागेवर टेकेल. स्प्रिंगची बाजू क्रँककेसकडे ठेवा आणि शाफ्टच्या चावीच्या खाचेने धार फाटू नये म्हणून शाफ्टवर पातळ प्लास्टिक गुंडाळून त्यावरून सील सरकवा.

गोदाकाठ_परभणी

सर्व कामे सांगितलेल्या क्रमाने केली. सिलिंडरचा फेस एक्झॉस्टच्या बाजूला खरोखर खोल निघाला. काचेवर तिथल्या रेघा सगळ्यात शेवटी पुसल्या गेल्या. ज्या सिलिंडरचा गळा खाली उतरतो त्याबद्दल आपण लिहिले होते, पण माझ्या सिलिंडरला तसा गळा नाही, त्यामुळे काम काचेवरच झाले. इन्सुलेटर मधून कमानीसारखा झाला होता, तोही सपाट केला. ऑइल पेपर ०.५ मिलिमीटरचा घेतला. सोल्डर तार ०.७ मिलिमीटर भरली. सील शहरातल्याच बेअरिंगच्या दुकानात मिळाली.

दाबाच्या तपासणीत काटा ३०० वर स्थिर राहिला आणि सिरिंजचा दट्ट्या जवळजवळ पूर्ण परत गेला. इंजिन आता तापल्यावरही एकाच रेसवर चालते, थ्रॉटल सोडताच खाली येते, आणि स्लोच्या स्क्रूला प्रतिसाद देते. प्लगचे टोक विटकरी-तपकिरी झाले आहे. पेट्रोलमध्ये तेल किती घालावे आणि बोल्ट पुन्हा आवळावेत का, एवढेच विचारायचे राहिले आहे.

फवारणीपंप_जालना

अभिनंदन, सर. कागदी पॅकिंग पहिल्यांदा तापून थंड झाली की थोडी बसते, म्हणून इंजिन पूर्ण थंड झाल्यावर बोल्ट एकदा समोरासमोरच्या क्रमाने, थोडे-थोडे करून आवळावेत. ॲलन कीची लांब बाजू भोकात घालून आखूड बाजू दोन बोटांनी फिरवावी. ॲल्युमिनियमच्या आट्यांना एवढा जोर पुरतो. गरम असताना आवळू नये. त्यानंतर बोल्ट पुन्हा सैल होत राहिले, तर कागद नव्हे, आटे तपासावेत.

तेलाचे प्रमाण इंजिनाच्या पाटीवर किंवा टाकीच्या झाकणावर छापलेले असेल तर तेच पाळावे. ते पुसले गेले असेल, तर अशा जुन्या इंजिनाला १ लिटर पेट्रोलमागे ४० मिलिलिटर टू-स्ट्रोक तेल, म्हणजे २५ ला १, हे सुरक्षित आहे. मिश्रण महिनाभराच्या वापरापुरतेच बनवावे आणि प्रदर्शन संपल्यावर टाकी रिकामी करून, कार्ब्युरेटरमधले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवून मगच ठेवावे, कारण इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते आणि पावसाळ्यात ते पाणी टाकीच्या तळाशी वेगळे होऊन साठते. डायफ्रॅम जुना असेल तर तोही या निमित्ताने बदलून टाका; कडक झालेला डायफ्रॅम हाताला कागदासारखा वाजतो.